भोक लहान, जखम मोठी

पत्र: "आमचा कुत्रा बंड्या तीन वर्षांचा आहे. पाच दिवसांपूर्वी संध्याकाळी फिरायला नेलं असताना एका दांडग्या कुत्र्याशी त्याची जुंपली. मी आणि त्या कुत्र्याच्या मालकाने कशीबशी सोडवासोडव केली. खांद्यावर दोन छोटी भोकं दिसत होती, रक्त जेमतेम होतं. घरी येऊन मी हायड्रोजन पेरॉक्साइडने धुतलं, जंतुनाशक पावडर दाबून भरली आणि घट्ट पट्टी बांधली. तीन दिवस तो ठीक होता. काल खांदा चेंडूएवढा सुजला आणि आज पट्टी सोडली तर नाकाला झोंबेल असा वास. नवरा म्हणतो, उघडी ठेव, वारा लागला की सुकते. सासूबाई म्हणतात, चाटू दे, कुत्र्याच्या जिभेतच औषध असतं. गळ्यात घालायचा प्लास्टिकचा शंकू आणला होता, पण तो इतका केविलवाणा बसून राहिला की तासाभरात काढून टाकला. आज जखमेला हात लावायला गेले तर माझ्यावर गुरगुरला. तीन वर्षांत पहिल्यांदा. मी त्याचं नुकसान केलं का? आता कशाने धुऊ, बांधू की नको? आणि तो माझ्यावर रागावलाय का?" – एक अपराधी

प्रिय 'अपराधी',

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळीच मी एका ओळीचं उत्तर धाडलं होतं: थांबू नका, आत्ताच दाखवा. तुम्ही नेलंत. डॉक्टरांनी भूल देऊन गळू उघडलं, आतून धुतलं, सडलेला भाग काढला, रबरी नळी बसवली आणि दुसऱ्या दिवशी बंड्या घरी आला, हे तुमच्या निरोपातून कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. आता घाई नाही, म्हणून नीट लिहिते.

नुकसान केलंत का? थोडं केलंत. पण तुम्ही ज्यासाठी स्वतःला कोसताय त्यामुळे नाही. पेरॉक्साइड, पावडर, घट्ट पट्टी ह्या चुका खऱ्या, पण दुय्यम. मुख्य चूक एकच: भोकं छोटी दिसली म्हणून जखम छोटी आहे असं तुम्ही धरून चाललात. ही चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. मीही केली आहे, आणि मी तर ह्याच कामाचं शिक्षण घेतलेली.

कुत्र्याचा सुळा असतो निमुळता. तो कातड्यात शिरतो तेव्हा भोक पडतं जेमतेम मसुराच्या दाण्याएवढं. पण कुत्रं चावून सोडून देत नाही, ते झिंजाडतं. कुत्र्याची कातडी अंगावर सैल असते, ती दाताबरोबर इकडेतिकडे सरकते आणि म्हणून फाटत नाही. खालचं मांस मात्र जागच्या जागी असतं. ते चेंगरतं, फाटतं, कातडीपासून सुटतं. मग दात बाहेर निघतो, कातडी पुन्हा आपल्या जागेवर येते, आणि बाहेरून दिसतं काय, तर एक टिंब. आत पोकळी, त्या पोकळीत मेलेलं मांस, साकळलेलं रक्त, चार केस, आणि दुसऱ्या कुत्र्याच्या तोंडातले जंतू. वरचं भोक एकदोन दिवसांत मिटतं. ऊब आहे, ओल आहे, हवा नाही: जंतूंना याहून चांगलं घर कुठे मिळणार? दोन ते पाच दिवसांत पू होतो. बंड्या तीन दिवस 'ठीक' होता तो म्हणूनच. तो ठीक नव्हता, आतलं अजून वर आलं नव्हतं.

माझी गोष्ट सांगते. कामाला लागून वर्षही झालं नव्हतं तेव्हा मांडीला चावा बसलेली एक कुत्री आली. जखम स्वच्छ दिसत होती. मी ती धुतली आणि तीन सुंदर टाके घातले. टाके इतके सुबक आले होते की मीच माझ्यावर खूश. पाचव्या दिवशी ती परत आली तेव्हा टाक्यांमधून पू गळत होता आणि मांडी तापलेली. मी दार बंद करून चोराला आत कोंडलं होतं. चाव्याच्या जखमेला बहुतेक वेळा लगेच गच्च शिवत नाहीत, आतला घाण स्राव बाहेर यायला वाट ठेवतात, ती ह्यासाठी. बंड्याच्या खांद्यातली नळी म्हणजे तीच वाट.

तर पुढच्या वेळेसाठी (अशी वेळ येऊ नये, पण कुत्रा पाळलाय म्हणजे येऊ शकते): चावा दिसला की भोक मोजत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. छातीवर, पोटावर किंवा मानेवर चावा असेल, किंवा मोठ्या कुत्र्याने लहान कुत्र्याला उचलून झिंजाडलं असेल, तर त्याच तासाला. अशा वेळी वरून ओरखडा असतो आणि आत फासळी मोडलेली किंवा आतड्याला इजा झालेली असू शकते. कातडीवरून बोट फिरवल्यावर कोरड्या पानावर हात ठेवल्यासारखी चुरचुर लागली तर तिथे हवा शिरली आहे. हेही थांबण्यासारखं लक्षण नव्हे.

आता एक गोष्ट जी तुमच्या पत्रात नाही आणि नसल्यामुळे मला जास्त खटकली. त्या दुसऱ्या कुत्र्याला रेबीजची लस दिलेली होती का? बंड्याची लस चालू आहे का? आणि सोडवताना तुमच्या हाताला काही लागलं का? सोडवासोडवीत दात कुणाचा कुणाला लागला हे त्या क्षणी कळत नाही. रेबीजचा विषाणू लाळेतून पसरतो, लक्षणं दिसू लागली की उपाय उरत नाही, आणि चाव्यानंतर वेळेत केलेले उपचार मात्र माणसाला वाचवतात. म्हणून कातडी फुटलेली असेल, अगदी ओरखडा असला तरी, साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून पंधरा. आणि मग तुमच्या स्वतःच्या डॉक्टरकडे जायचं. पाच दिवस झाले म्हणून आता काय, असं म्हणू नका, अजूनही जा. बंड्याची लस वेळेवर झालेली असली तरी अशा चाव्यानंतर डॉक्टर साधारणपणे एक जादा मात्रा देतात. त्या मालकाकडून लसीचा कागद मागून घ्या. भांडायला नको, कागद हवा.

धनुर्वाताचं इंजेक्शन द्यायला हवं होतं का, हेही लोक नेहमी विचारतात. कुत्र्यांची धनुर्वाताला प्रतिकारशक्ती माणसापेक्षा पुष्कळ जास्त असते, त्यामुळे त्यांना ते सरसकट देत नाहीत. ती काळजी सोडा.

धुवायचं कशाने? पेरॉक्साइड फसफसतं आणि आपल्याला वाटतं घाण निघतेय. ती फसफस रक्तातल्या आणि पेशींमधल्या एका विकरामुळे (एन्झाइममुळे) होते, स्वच्छ जखमेवरही तितकीच होते. जंतूंबरोबर ते नव्याने जखम भरायला आलेल्या पेशीही मारतं. स्पिरिटचं तेच, वर आग होते ती वेगळी. आणि पावडर! पावडर कुठलीही असो, औषधाच्या डबीतली की स्वयंपाकघरातल्या डब्यातली, ती स्रावात भिजते, तिचा गोळा होतो, आणि खोल जखमेत तो गोळा खड्यासारखा रुतून बसतो. तुमच्या डॉक्टरांना तो आधी उपसावा लागला असणार.

जखमेला लागतं ते भरपूर पाणी. पिण्यायोग्य स्वच्छ पाणी चालतं. मिठाचं पाणी त्याहून चांगलं, कारण ते शरीरातल्या द्रवाशी मिळतंजुळतं असतं आणि झोंबत नाही. एक लिटर पाणी उकळून घ्या, त्यात नऊ ग्रॅम मीठ विरघळवा, कोमट होऊ द्या. काटा नसेल तर अर्ध्या लिटरला एक सपाट लहान चमचा. जास्त मीठ म्हणजे जास्त औषध नव्हे, त्याने फक्त चुरचुरतं. रोज ताजं करा. सुई काढलेल्या मोठ्या सिरिंजने उघड्या जखमेवर वरून धार सोडा, पण भोकाच्या तोंडात सिरिंज खुपसून पाणी आत दाबू नका. त्याने घाण बाहेर येण्याऐवजी आणखी खोल जाते. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाण्यात इतकं पातळ करा की रंग फिक्या चहासारखा दिसेल. क्लोरहेक्सिडीनचं दोन टक्क्यांचं द्रावण असेल तर एका भागाला चाळीस भाग पाणी, आणि ते डोळ्यात वा कानात जाऊ द्यायचं नाही. बाटलीतलं जसंच्या तसं ओतणारे लोक मला भेटतात. 'जोरकस असलेलं बरं' असं त्यांचं म्हणणं. जखमेशी जोर चालत नाही.

धुण्याआधी भोवतालचे केस कापावे लागतात, नाहीतर ते स्रावात चिकटून आत वळतात. आधी जखमेत पाण्यात विरघळणारी जेल भरा, म्हणजे कापलेले केस तिला चिकटतील आणि पाण्याबरोबर वाहून जातील. कात्री वापरू नका. कुत्र्याने एक हिसका दिला की एकाच्या दोन जखमा होतात, आणि असे कात्रीने कापलेले कान मी इतके शिवलेत की आता विचारतसुद्धा नाही कसं झालं. केस कापायचं छोटं यंत्र घ्या.

रक्त वाहत असेल तर धुण्याच्या आधी ते थांबवायचं: स्वच्छ कापड ठेवून हाताने दाबून धरा, पाच ते दहा मिनिटं, मध्ये उचलून न बघता. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा, पहिलं ओढून काढलंत तर धरलेली गुठळी निघते. हिरड्या पांढुरक्या पडल्या असतील किंवा रक्त कारंज्यासारखं उसळत असेल तर दाबून धरूनच गाडीत बसा.

आता तुमच्या नवऱ्याचा वारा. एके काळी डॉक्टरही हेच सांगायचे, त्यामुळे त्यांना फार बोलू नका. १९६२ मध्ये जॉर्ज विंटर नावाच्या संशोधकाने डुकरांच्या अंगावरच्या उथळ जखमांवर प्रयोग केला. काही जखमा उघड्या ठेवल्या, काही पातळ पडद्याने झाकून ओलसर ठेवल्या. झाकलेल्यांवर नवी त्वचा जवळपास दुप्पट वेगाने आली. खपली ही आपल्याला बरी होण्याची खूण वाटते, पण नव्या पेशींना त्या कोरड्या खपलीखालून वाट काढत सरकावं लागतं, ओल्या पृष्ठभागावर त्या सहज पसरतात. म्हणजे उघड्या, साल निघालेल्या जखमेला योग्य पट्टी हवी. पण चाव्याच्या भोकावर, ज्यातून पू बाहेर यायचाय, हवाबंद घट्ट पट्टी म्हणजे माझे ते तीन टाकेच. तुम्ही दोघंही अर्धे बरोबर होता, फक्त जखम वेगळी होती.

बंड्याला नळी आहे तोवर त्यावर काय ठेवायचं ते डॉक्टरांनी सांगितलं असेल तेच करा. खांद्यावर पट्टी टिकत नाही. ती सरकते आणि काखेत करकचते. त्यापेक्षा लहान मुलाचा सुती टी-शर्ट, पुढचे पाय बाह्यांतून काढून, कमरेशी गाठ मारून. दिवसातून दोनदा नळीभोवती कोमट मिठाच्या पाण्याने कापूस नाही, गॉजचा तुकडा भिजवून पुसा. कापसाचे तंतू मागे राहतात. नळीतून, खरं तर नळीच्या कडेने, लालसर पाणचट स्राव गळत राहील आणि फरशी खराब होईल. होऊ द्या, ती त्यासाठीच आहे. तो जिथे ओघळतो तिथली कातडी सोलवटते, म्हणून खालच्या बाजूला पेट्रोलियम जेलीचं पातळ बोट फिरवा. साधारण तीन ते पाच दिवसांनी स्राव कमी झाला की डॉक्टर नळी काढतात. त्याआधी ती लांबीला कमी दिसली किंवा गायब झाली तर ताबडतोब कळवा. कुत्र्याने चावून तुकडा गिळला असेल, किंवा तुकडा आत राहिला असेल, आणि दुसरी शक्यता जास्त त्रासाची.

पायाला पट्टी बांधायची वेळ आलीच तर दोन गोष्टी. बोटांची टोकं बाहेर ठेवा आणि दिवसातून दोनदा बघा: मधल्या दोन नखांमधलं अंतर वाढलं असेल तर पंजा सुजतोय, म्हणजे पट्टी आवळली आहे. पट्टी ओली झाली तर बदलायची, मग डॉक्टरची तारीख परवाची असो. बाहेर नेताना प्लास्टिकची पिशवी चढवा, घरी आल्यावर लगेच काढा. आणि पट्टी जागेवर राहावी म्हणून रबरबँड कधीही नाही. केसांत तो दिसेनासा होतो, घरचे विसरतात, आणि तो हळूहळू मांसात उतरतो.

उघडी जखम आणि माश्या हा वेगळा धडा आहे, पण दोन वाक्यं लिहितेच. माशीने घातलेल्या अंड्यांतून एका दिवसाच्या आत अळ्या निघू शकतात, आणि त्या कातडीखाली जातात तेव्हा वरून फक्त एक ओलं भोक आणि विशिष्ट कुजका वास उरतो. अशा वेळी त्यात टर्पेंटाइन, रॉकेल किंवा फिनेल ओतू नका. अळ्या मरतीलही, पण कुत्रं भाजतं आणि चाटून ते विष पोटात घेतं. हे चिमट्याने आणि औषधाने, डॉक्टरांच्या टेबलावर करायचं काम आहे.

सासूबाईंच्या जिभेतल्या औषधाबद्दल. त्यांचं अगदीच चूक नाही. कुत्र्याच्या लाळेचा काही थोड्या जंतूंवर मारक परिणाम होतो हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. पण त्याच तोंडात इतर कितीतरी जंतू मुक्कामाला असतात, आणि जिभेचं घासणं वेगळंच. दोनदा चाटून कुत्रं थांबत नाही. चाटताना त्याला बरं वाटतं म्हणून ते आणखी चाटतं, नवी आलेली कातडी निघते, आणि टाके असतील तर पुढच्या दातांनी ते एकेक उसवतं. रात्री दोनला हे काम शांतपणे पार पडतं, सकाळी सगळं उघडं. काहींना चाटायची अशी सवय जडते की मूळ जखम भरली तरी पायावर जाड, केस गेलेला चट्टा राहतो.

तेव्हा शंकू. तो पुन्हा घाला. नाकाच्या टोकापुढे दोनतीन सेंटीमीटर येईल एवढा लांब हवा, आणि गळ्याशी तुमची दोन बोटं जातील एवढा सैल. पहिल्या दिवशी बंड्या पुतळ्यासारखा उभा राहील, दारांना धडकेल, तुमच्याकडे असं बघेल की तुम्हीच कसाई. दोन दिवसांत सवय होते. पाण्याचं भांडं थोडं उंच आणि अरुंद ठेवा म्हणजे शंकू कडेला अडणार नाही. खाताना काढायचा असेल तर समोर बसून, आणि लगेच परत. 'मी लक्ष ठेवेन' ह्या वाक्यावर माझा विश्वास नाही, कारण ते म्हणणाऱ्या प्रत्येकाला झोप लागते. खांद्याची जखम कुत्रं मागच्या पायाने खाजवूही शकतं, म्हणून शंकू आणि टी-शर्ट दोन्ही.

घरात पडलेली औषधं. पत्रात नाही, पण त्याला दुखतंय हे बघून कुणीतरी गोळी काढेल, म्हणून आधीच सांगते: माणसाची वेदनाशामक गोळी देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन ह्यांनी कुत्र्याच्या पोटात अल्सर होतो, मूत्रपिंडं बंद पडू शकतात. पॅरासिटामॉल यकृतावर जातं. कुत्र्यांसाठी वेगळी औषधं आहेत, तुम्हाला ती लिहून दिली असतील. मलमांचंही तेच. झिंक ऑक्साइडचं मलम पोटात गेलं तर तांबड्या पेशी फुटू शकतात, स्टिरॉइडच्या क्रीमने जखम भरणंच मंदावतं. प्रतिजैविकाच्या गोळ्या ठरल्या दिवसांपर्यंत पूर्ण द्या, चौथ्या दिवशी तो उड्या मारायला लागला तरी. आणि उरल्याच तर 'पुढच्या वेळेला' म्हणून जपून ठेवू नका.

बरी होणारी जखम दिसते कशी, हे कुणी सांगत नाही, आणि त्यामुळे लोक बरी होत आलेली जखम बघून घाबरतात. पहिले तीनचार दिवस ती लाल, सुजलेली, ओली असते. हे शरीराचं साफसफाईचं काम. मग साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवसापासून तळातून लालभडक, दाणेदार मांस वर येऊ लागतं. ते बघायला भयंकर, जरा धक्का लागला की रक्त येतं. हेच तर हवं असतं. तो दाणेदार थर नव्या रक्तवाहिन्यांचा आहे, घासून 'साफ' करू नका. त्यावरून कडेची गुलाबी, चमकदार कातडी आत सरकते आणि जखम सगळ्या बाजूंनी आक्रसते. कुत्र्याची कातडी सैल असल्याने हे आक्रसणं माणसापेक्षा जास्त काम करतं. तळहाताएवढी जखम महिनाभरात चिरेएवढी झालेली बघून मी आजही थबकते.

बिघडणारी जखम वेगळी. सूज कमी होण्याऐवजी वाढते. स्राव पातळ लालसरचा दाट पिवळा-हिरवा होतो. वास येतो. कडा काळपट पडतात. कुत्रं खाणं सोडतं. गुदद्वारात थर्मामीटर लावून ताप बघा: कुत्र्याचं नेहमीचं तापमान सुमारे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. आपल्याला जो ताप वाटेल तो त्याचा रोजचा. ३९.५ च्या वर गेला तर फोन करा. नाक गरम आहे की गार, ह्यावरून काहीही कळत नाही.

टाके साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. तोपर्यंत आंघोळ नाही, उड्या नाहीत, जिने कमी, फिरणं पट्ट्यावर आणि थोडक्यात. टाके निघाले म्हणजे झालं असंही नाही: तीन आठवड्यांनी त्या जागेची ताकद मूळ कातडीच्या पाचव्या हिश्श्याएवढीच असते, आणि पुढे कितीही महिने गेले तरी ती पुरती परतत नाही. त्यामुळे पहिल्या दिवशी मैदानात मोकळं सोडणं नको.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, जो मला वाटतं तुम्ही सगळ्यात आधी लिहायला घेतला असणार. तो रागावलेला नाही. आत पू भरला होता, कातडी ताणलेली होती, आणि आधीच्या चार दिवसांत त्या जागी आलेला प्रत्येक हात झोंबणारं काहीतरी घेऊन आला होता. त्याने तुम्हाला सांगितलं: इथे नको. तेही दात न लावता. गुरगुरल्याबद्दल त्याच्यावर ओरडला असाल तर ते पुन्हा करू नका. गुरगुरणं दाबलेलं कुत्रं पुढच्या वेळी न सांगता चावतं. धुताना भीती वाटत असेल तर तोंडाला मऊ पट्टीची सैल मुसकी बांधा, मात्र उलट्या होत असतील, श्वास जड असेल किंवा तोंडालाच लागलं असेल तर अजिबात नाही, आणि बांधलीत तर दोनतीन मिनिटांपुरतीच.

बहुतेक वेळा तिची गरजही पडत नाही. काम दोघांनी करा. तुम्ही जखमेशी बसा, दुसऱ्याने डोक्याशी बसायचं, शंकूच्या आत त्याला आवडणाऱ्या मऊ पदार्थाने माखलेला चमचा धरायचा आणि हळूहळू चाटू द्यायचा. चमचा बाजूला झाला की तुमचा हातही बाजूला. दोन मिनिटं, मग सुट्टी. आणि डोक्याशी सासूबाईंनाच बसवा. चाटू दे म्हणत होत्या ना.